मागचं डावं चाक

"वास घे," विलासराव इंगवले म्हणाले आणि काळ्या तेलाची वाटी त्यांनी माझ्या नाकाला लावली. "कशाचा हाय?"

"जळक्या तेलाचा."

"कितव्यांदा?"

"दुसऱ्यांदा."

"नवा माल कुनी आणला?"

"मीच."

"बसवला कुनी?"

"मीच की."

"मग आता तूच सांग, आम्ही धरायचं कुनाला? संभाला? का पांडुरंगाला?"

संभा गुरव, मंडळाच्या गाडीचा ड्रायव्हर, त्यांच्या पाठीमागं उभा होता. पांडुरंगाचं नाव ऐकताच त्यानं हात जोडले. माझ्याकडं मात्र बघितलं नाही. जसं काही गाडी त्यानं कधी चालवलीच नव्हती, मीच ती रोज डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर नेऊन जाळत होतो.

विलासराव आमच्या आंबेघोळच्या सप्ताह मंडळाचे अध्यक्ष. खतं-बियाण्यांचं दुकान, पांढरी टोपी, आणि स्वतःच्या सासऱ्यालाही 'अरे' म्हणेल असा आवाज. ते माझ्या गॅरेजात उभे होते तो कार्तिकातल्या सप्ताहाचा सहावा दिवस.

"परवा काला," ते म्हणाले. "गोदावरीताईंचं कीर्तन हाय, सगळा भाग गोळा होतोय. कीर्तनाच्या आधी दोष कुठं हाय ते चारचौघांत दाखवायचं. न्हाई दाखवलास तर मी माईकवरनं सांगणार. आनंदा लोहाराकडं कुनी गाडी लावू नका, नवा म्हणून जुना माल घालतोय."

"माईकवरनं?"

"माईकवरनं. देवाच्या दारात खोटं कशाला बोला?"

ते गेले. संभा मात्र रेंगाळला, कारण माझ्याकडं चहा यायची वेळ झाली होती.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. घाटाच्या तोंडाशी तिठ्यावर, फणसाच्या झाडाखाली माझं गॅरेज होतं. पाने-पक्कड काय, कुणाकडंही असतात. माझ्याकडं नाव होतं. वर सड्याकडं जाणारी आणि खाली उतरणारी प्रत्येक जीप 'आनंदा मिस्त्रीला दाखवून या' या एका वाक्यावर माझ्या दारात थांबायची. आणि त्या जीपांचे सगळे मालक, झाडून सगळे, काल्याच्या कीर्तनाला मांडवात बसलेले असायचे. पेपरात बदनामी झाली तर दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधतात. काल्याच्या माईकवर झालेली बदनामी नातवंडांपर्यंत पुरते.

मंडळाची ती गाडी शहरातल्या एका कारखान्यानं जुनी झाल्यावर दान दिलेली. चारही चाकांना ओढ असलेली. सड्यावरच्या वाडीचा रस्ता लाल चिकणमातीचा, मार्गशीर्ष लागल्याशिवाय वाळत नाही. साधी गाडी तिथं अर्ध्या चढावर पुढची चाकं गरगरवत उभी राहते. ही एकटी वर जायची. वाडीतली आजारी माणसं खाली दवाखान्यात आणायची ती हीच, आणि बुवा-ताईंना कीर्तनाला आणणारीही हीच.

सहा महिन्यांपूर्वी तिचे टायर पार गुळगुळीत झाले होते. मी मंडळाला म्हटलं, चारही बदला, एकदम बदला. मंडळानं ते आमच्या पद्धतीनं केलं. आमच्या गावात कुठलीही वस्तू एक माणूस दान करत नाही. देवळातल्या पंख्याला तीन पाती, तर तीन दाते, आणि एकेका पात्यावर एकेकाचं नाव. पंखा फिरायला लागला की नावं वाचता येत नाहीत, म्हणून दात्याच्या घरचे पाहुणे आले की भर उन्हाळ्यात पंखा बंद करतात. भक्तीनं घाम फुटतो तो असा. तर चार टायर म्हटल्यावर दाते चार निघाले. एक विलासराव, एक दूध डेअरी, एक हॉटेलवाला भीमा परीट आणि चौथे एकनाथ हावळ, म्हणजे हावळकाका, आमचे शिंपी. एकेकानं आपापला टायर आणला. मग मंडळानं पेंटर बोलावून चारही टायरांच्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नावं घातली. 'यांचेकडून सप्रेम भेट.' टायरच्या अंगावर कंपनीनं मापाचे आकडे छापलेले असतात, त्यांच्यावर 'सप्रेम' आलं होतं.

त्यानंतर दोन महिन्यांत गाडीच्या पोटाखालचं मूळचं कपलिंग जळलं. मी पुण्याहून नवं मागवून बसवलं. ते पाच आठवड्यांत जळलं.

"मिस्त्री, खरं सांगा," संभा चहाचा घोट घेत म्हणाला, "जुनंच घातलं हुतं न्हवं?"

"तुझ्या बापानं घातलं हुतं का?"

"मी कुणाला सांगणार न्हाई."

म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या मांडवाला सांगणार. मी त्याचा कप काढून घेतला, त्याला कॉलरला धरून गाडीखाली नेलं आणि टॉर्च दाखवला.

"वर बघ. इंजिन ताकद काढतं. गिअरबॉक्स ती पाहिजे तशी वळवून देतो. साध्या गाडीत तिथनं ती दोन चाकांना गेली की संपलं. ह्या गाडीत गिअरबॉक्सच्या बगलंला आणखी एक पेटी हाय, दिसली? ती ताकदीच्या दोन वाटा करती. एक पुढच्या चाकांना. दुसरी ह्या लांब प्रोपेलर शाफ्टावरनं पोटाखालनं माघारी. आणि मागच्या चाकांच्या जरा अलीकडं ह्यो डबा. हेच कपलिंग."

"एवढंसंच?"

"एवढंसंच. आत पातळ पोलादी चकत्या. एक पुढच्या अंगाची, एक मागच्या अंगाची, अशा एकाआड एक, आणि त्यांच्यामधी काकवीसारखं दाट तेल. पुढची-मागची चाकं सारखी फिरत्यात तवर डबा झोपल्याला. पुढची चाकं चिखलात गरगरली की पुढच्या चकत्या पळत्यात, मागच्या मागं राहत्यात, तेल घुसळून तापतं, आणि चकत्या एकमेकीला धरत्यात. मग ताकद मागं जाती आणि मागची चाकं गाडी ढकलाय लागत्यात. म्हणून तू वाडीला चढतोस. तुला वाटतं तू चढवतोस."

"मग जळतो का?"

हा प्रश्न संभानं विचारला. मी, आनंदा मिस्त्री, 'पुण्याचा माल खराब' असं सांगत फिरत होतो. उत्तर माझ्या तोंडातून आपोआप आलं.

"कारण त्याला झोप मिळत न्हाई. सपाट डांबरीवर पण कुणीतरी त्याला सांगतंय, घसरलं, धर, घसरलं, धर. सकाळपासनं संध्याकाळपर्यंत."

"कोण सांगतंय?"

"चाक," मी म्हणालो. "एखादं बारकं चाक. बारक्या चाकाला तेवढ्याच वाटंला जास्त फेऱ्या माराव्या लागत्यात. डाव्या-उजव्याचा फरक मागच्या दोन चाकांमधल्या पेटीतले दाते पोटात घेत्यात, वळणावर त्यांचं तेच काम. पण पुढच्या-मागच्याचा फरक ह्या डब्याच्या डोक्यावर बसतो."

मी बाहेर आलो आणि त्या चार सप्रेम भेटींकडं पाहिलं. डोळ्यांना चारही सारख्याच दिसत होत्या. पण मला एवढा आनंद झाला होता की मी संभाला आणखी एक चहा पाजला. मनातून मला ते बारकं चाक विलासरावांचंच निघायला हवं होतं. काल्याच्या दिवशी, सगळ्या भागापुढं, त्यांच्याच माईकवरनं. मी तेव्हा रोज पहाटे काकड्याला जायचो, देवापुढं डोळे मिटून उभा राहायचो. त्या दोन पहाटे मी देवाजवळ काय मागितलं असेल ते यावरून ओळखा.

काल्याच्या सकाळी गाडी शाळेच्या पटांगणात ढकलत आणली. प्रोपेलर शाफ्ट मी आधीच उतरवून ठेवला होता, म्हणजे प्रत्येक चाक आपल्या मर्जीनं फिरेल. मांडव शेजारीच, त्यामुळं बघायला गर्दी कमी नव्हती. गोदावरीताई नेसरीकर सुद्धा खुर्ची मागवून बसल्या. ताईंचं कीर्तन म्हणजे मला पोटभर जेवण. माझ्या गॅरेजात दिवसभर त्यांच्या कॅसेटी चालायच्या. त्या चढ्या सुरात नाम घ्यायला लागल्या की माझ्या हातातला पानासुद्धा हलका व्हायचा. त्या बघतायत म्हटल्यावर माझी छाती आणखी दोन इंच पुढं आली.

"ताई," मी म्हटलं, "आज माझं निरूपण ऐका."

"ऐकते की, मिस्त्री," त्या हसून म्हणाल्या. "तुमचा विषय काय?"

"चाक."

मी चारही चाकांवर खडूनं एकेक उभी रेघ मारली, खालच्या टोकाला जमिनीला टेकणारी. मग लोकांना सांगितलं, "गाडी सरळ ढकलायची. पुढच्या उजव्या चाकाच्या दहा फेऱ्या झाल्या की थांबायचं. चारही चाकं सारखी असली तर चारही रेघा परत जमिनीला टेकलेल्या दिसतील. ज्याची रेघ पुढं पळालेली दिसंल, त्यो चोर."

पुढचं उजवं चाक विलासरावांचं होतं.

"चोर म्हणू नको," विलासराव म्हणाले. "दाते हैत."

"बघू की कोण काय हाय ते."

गाडी ढकलली. सगळं पटांगण फेऱ्या मोजत होतं, आठ, नऊ, दहा. मी वाकलो. विलासरावांची रेघ खाली. पलीकडं डेअरीची रेघ खाली. मागं गेलो, भीमा परीटची रेघ खाली. देवानं माझं ऐकलं नव्हतं. मग मागच्या डाव्या चाकाकडं गेलो. तिथली रेघ खालून निघून पाव फेरीच्याही वर पुढं गेली होती.

त्या चाकावर लिहिलं होतं, 'कै. सौ. अनसूया एकनाथ हावळ यांचे स्मरणार्थ.'

आता खरं सांगायचं तर मी एक क्षण खट्टू झालो. मोठी शिकार करायला निघालेल्या माणसाच्या जाळ्यात ससा सापडावा तसं झालं. पण नाव माझं जात होतं, सशाचं नव्हतं. मी उभा राहिलो आणि रेघेवर पान्यानं टकटक केलं.

"बघून घ्या सगळ्यांनी! तीन चाकं एका मापाची आणि हे एक बारकं. ह्या एका चाकानं मंडळाची दोन कपलिंगं खाल्ली, आणि नाव कुणाचं खराब झालं? माझं!"

गर्दीतून हावळकाका पुढं आले. किडकिडीत माणूस, गळ्यात कायम मापाची फीत, तुळशीच्या माळेसारखी. कीर्तनात ते टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहायचे. सदऱ्याचं माप घ्यायला दोन वेळा फीत लावणार, मग कागदावर लिहिणार, मग परत एकदा फीत लावणार. माझ्या लग्नातला सदरा त्यांनी हळदीच्या सकाळी दिला होता. मला अशा मंद माणसांचा मनस्वी कंटाळा.

त्यांनी रेघ पाहिली. मग बाकीची तीन चाकं एकेक पाहून आले. अगदी सावकाश. मग म्हणाले, "माझं चाक येगळं हाय, हे खरं."

"येगळं न्हवं काका, खोटं हाय! सदऱ्याची एक बाही आखूड शिवल्यावर तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता? येगळी हाय म्हणून?"

पटांगण हसलं. संभा सगळ्यांत मोठ्यानं हसला. मला जोर आला.

"देवाला द्यायचं तर स्वस्तातलं द्यायचं, बारकं द्यायचं, आणि वर बायकोचं नाव घालायचं. अनसूयाकाकूंनी कुणाला वाटीभर ताक कमी मापून दिलं न्हाई हो. त्यांच्या नावावर हे?"

आता कुणी हसलं नाही. पण मी थांबलो नाही. लोक गप्प झाले ते माझं पटलं म्हणून, असं मला वाटलं.

हावळकाकांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. एखादा माणूस कापड बघून ते किती आटेल याचा अंदाज घेतो, तसं ते बघत होते.

"काढा त्यो टायर," ते म्हणाले.

मी जॅक लावला, चाक उतरवलं, रिमवरून टायर सोडवला. तोवर ते बाजूला उभे होते. टायर मोकळा झाल्यावर त्यांनी तो उभा केला आणि हातानं ढकलत घराकडं निघाले. रस्ताभर काकूंचं नाव वर येत होतं आणि खाली जात होतं. मी विलासरावांकडं वळलो.

"आता माईकवर काय सांगणार?"

"सांगतो की," विलासराव म्हणाले. त्यांनाही घाम फुटला होता, आता तो वाळत होता. "आनंदासारखा मिस्त्री तालुक्यात न्हाई, हे सांगतो."

आणि त्यांनी ते सांगितलं. वर माझ्या गळ्यात हार घातला. ताईंनी कीर्तनात त्या सकाळचाच दृष्टांत घेतला. "माउली, इंजिन कितीही मोठं असू द्या," त्या म्हणाल्या, "चार चाकांतलं एक जरी आपल्या मनानं फिरायला लागलं, तर मधल्या मध्ये जळतं कोण? जो सगळ्यांना जोडून धरतो, तो!" सगळा मांडव डोलला. मृदंग उसळला. लोकांच्या माना हळूच टाळकऱ्यांच्या रांगेकडं वळल्या, कारण हावळकाका टायर घरी टाकून परत येऊन उभे राहिले होते. त्यांचा टाळ एकदाही चुकला नाही. मी मात्र ताईंच्या तोंडून माझं शास्त्र ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं भक्ती.

विलासरावांनी त्याच दिवशी तालुक्याहून आपल्या मेव्हण्याच्या दुकानातून चौथा टायर मागवला. आधीचे तिघांचे तीन टायरही तिथूनच आलेले होते. मी तिसरं कपलिंग बसवलं. गाडी वाडीला गेली, आली, परत गेली. डबा थंडगार. माझ्या गॅरेजासमोर जीपांची रांग लागली.

पंधरा दिवसांनी संभा गाडी घेऊन आला. ड्रायव्हरकडचं दार नीट लागत नव्हतं. मी दार उघडलं आणि कडी बघायला खांबाजवळ वाकलो. तिथं, दाराच्या खांबावर, कंपनीनं चिकटवलेली एक पट्टी असते. त्या गाडीला टायर कुठल्या मापाचा घालायचा ते तिच्यावर लिहिलेलं असतं. धूळ पुसली आणि मी आकडा वाचला.

मग मी चाकाजवळ गेलो आणि विलासरावांच्या 'सप्रेम'चा रंग पान्याच्या टोकानं खरवडला. खालून दुसराच आकडा निघाला. मोठा. डेअरीचा खरवडला, तोच. भीमाचा, तोच.

"काय करताय, मिस्त्री?" संभा म्हणाला. "नाव जाईल की."

"व्हय," मी म्हणालो.

मेव्हण्यानं दुकानात पडून राहिलेला मोठ्या मापाचा माल तिघांच्या गळ्यात मारला होता. तीन चूक टायर एकमेकांशी जुळत होते आणि एक बरोबर टायर त्यांच्याशी जुळत नव्हता. आणि मी, तालुक्यात जोड नसलेला मिस्त्री, तिघांचं एकमत बघून चौथ्याला चोर ठरवून मोकळा झालो होतो. पटांगणात दार उघडून खाली बघायला मला दोन श्वास लागले असते. पण मग हार घालून घ्यायला मान वर कशी राहिली असती?

मी तसाच तेलकट हातांनी हावळकाकांच्या दुकानात गेलो. ते एका छोट्या परकराला नेफा घालत होते.

"काका, तुमचा टायर बरोबर हुता."

"व्हय," ते म्हणाले आणि मशीन चालू ठेवलं.

"तुम्हाला ठाऊक हुतं?"

"गाडीच्या दारावरचा आकडा मी कागदावर उतरून घेतला हुता. त्यो कागद घेऊन कोल्हापूरला गेलो. मापाशिवाय कापडाला कात्री लावत न्हाई मी, टायर कसा आणीन?"

"मग मला का न्हाई दाखवलासा?"

त्यांनी मशीन थांबवलं. "आधी तुमच्याकडंच आलो हुतो. टायर घ्यायच्या आदल्या दिवशी. तुम्ही मंडळाच्याच गाडीखाली हुता. माप इचारलं, तर खालनंच म्हणालासा, 'काका, टायर गोल असतोय, बघून घ्या.' मग मीच दार उघडलं."

मला हे आठवत नव्हतं. मी असं म्हणालो असणार याबद्दल मात्र शंका नव्हती.

"पण त्या दिवशी, पटांगणात," मी म्हणालो. "मी एवढं बोललो. काकूंचं नाव घेतलं. तेव्हा तरी सांगायचं."

"काय सांगायचं? तीन टायर चूक, माझा बरोबर? मग तीन काढाय लागले असते. तीन दात्यांची भांडणं, मेव्हण्याचं भांडण, गाडी महिनाभर उभी. वाडीतली माणसं चादरीच्या झोळीतनं खाली आणायची. गाडीला काय पाहिजे? चारी सारखी. ते तुम्हीच सांगितलं, आणि ते खरं हुतं. मग तीन बदलायची, का एक?"

त्यांनी परकर उचलून उजेडात धरला, शिवण बघितली.

"चोळीची तीन कापडं मोठी कापली गेली आणि एकच मापात असलं, तर आम्ही ते एक टाकून दुसरं कापतो. कापडाला कुठं वाईट वाटतं?"

"माझं नाव वाचवलंत तुम्ही."

यावर ते पहिल्यांदा हसले, पण ते हसू मला आवडलं नाही.

"तुमचं नाव? ते जायलाच पाहिजे हुतं, मिस्त्री. पण त्या दिवशी गाडीला मिस्त्री लागत हुता."

मी तेलकट हात पँटीला पुसले. मग म्हणालो, "मी सांगतो सगळ्यांना. असं हितंतिथं न्हाई. पुढच्या काल्याला, माईकवरनं. जिथं बोललो तिथंच."

"सांगा की," ते म्हणाले आणि मशीन परत चालू झालं.

वर्ष गेलं. त्या वर्षात गॅरेजवर पत्र्याची नवी शेड झाली, पाटी रंगवली, सड्यापलीकडच्या गावांतून गाड्या यायला लागल्या. सप्ताह आला, काला आला. ताईंचं कीर्तन रंगात यायच्या आधी, मध्ये जरा मोकळी जागा असते, तेव्हा मी विलासरावांना म्हणालो, "मला दोन शब्द बोलायचे हैत." त्यांनी कौतुकानं माईक दिला. मांडव गच्च भरला होता. जीपवाले पुढंच बसले होते, माझी बायको बायकांच्या रांगेत, तिच्या शेजारी तिच्या माहेरची माणसं. ताईंनी माझ्याकडं बघून मान डोलावली. टाळकऱ्यांच्या रांगेत हावळकाका टाळ छातीशी धरून थांबले.

मी घसा साफ केला. "माउलींनो," मी म्हणालो. वाक्य वर्षभर घोटून पाठ केलं होतं. तोंड उघडलं. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडं होते, ओळखीचे, विश्वासाचे, गिऱ्हाइकांचे.

"माउलींनो," मी परत म्हणालो, "ज्यांनी ज्यांनी गाड्या रस्त्यात आडव्या लावल्यात, त्यांनी कृपा करून बाजूला घ्याव्यात."

मांडवात कुणी हललं नाही. कुणाची गाडी आडवी नव्हतीच.

फक्त हावळकाकांनी टाळ शेजारच्याकडं दिला, चपला घातल्या, बाहेर गेले आणि देवळाच्या भिंतीला नीट टेकवून ठेवलेली आपली सायकल दोन हात पलीकडं सरकवून परत रांगेत येऊन उभे राहिले.